नोर्झिनने सांगितलेला तंदूर

काझाच्या बाजारातून तंदूर उचलायचा, पिकअपमध्ये घालायचा आणि ऊन आहे तोवर घर गाठायचं, एवढंच काम होतं. अंगदुईने ते दोनदा पुढे ढकललं होतं. पण नोव्हेंबर लागला होता, आणि स्पितीत नोव्हेंबरनंतर आतल्या खोलीत तंदूर पेटला नाही तर घरात माणूस राहू शकत नाही.

छेवांग लोहार दुकानाबाहेर उन्हात बसून पत्र्याचे नळे वळत होता. अंगदुईला पाहून त्याने हातोडी खाली ठेवली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो आत गेला आणि लोण्याचा चहा घेऊन आला.

"घे. मीठ जरा जास्तच पडलंय."

तंदूर भिंतीशी तयार होता. काळ्या लोखंडाची चौकोनी पेटी, वर तीन झाकणं, खाली राखेचा खण. आणि पुढच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हातभर लांबीची एक आडवी पट्टी. अशी पट्टी अंगदुईने कुठल्याच घरी पाहिली नव्हती.

"हे काय काढलंस?"

"मी कशाला काढतोय? तिनंच सांगितलं होतं. सप्टेंबरात येऊन तासभर डोकं खाल्लं माझं. म्हणे, काका, पाय शेकायला पट्टी पाहिजे. मी म्हटलं, अगं, तंदूर करायचाय की सिंहासन? तर म्हणाली, सिंहासनावरच्या राजाचे पाय बर्फातून येत नाहीत, माझे येतात." छेवांग हसायला लागला आणि मध्येच थांबला.

अंगदुईने चहा संपवला. चार वर्षं जुन्या तंदुराला चीर पडलेली होती आणि चार वर्षं तो म्हणत आला होता, पुढच्या वर्षी घेऊ. नोर्झिन चिडवायची, "आबा, तुमचं ते 'पुढच्या वर्षी' जपून ठेवा. माझ्या लग्नात आहेर म्हणून द्या." शेवटी अंगणवाडीच्या पगारातून तिने स्वतःच तंदूर सांगितला. तो तयार व्हायच्या आत, ऑक्टोबरच्या शेवटी, अवेळी बर्फ पडला, रस्ता बंद झाला आणि तिला ताप भरला. छातीत कफ, खोलीत धूर. खिडकी उघडावी तर थंडी, लावावी तर खोकल्याची उबळ. चार दिवस तिने काढले, पाचवी सकाळ काही पाहिली नाही. चोवीस वर्षांची पोर. नवा तंदूर घरात असता तर... हे वाक्य अंगदुईने मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं.

घरी आल्यावर नवरा-बायकोने मिळून जुना तंदूर बाहेर काढला आणि नवा मांडला. नळ्यात नळा बसवत तो छपराच्या भोकातून वर नेला, फटीला भुशाची माती थापली. यंगझोमने पहिल्या जाळावर धुपीची डहाळी आणि लोण्याचा गोळा टाकला. तंदूर पहिल्याच काडीला पेटला होता. नळा घुमायला लागला. खोलीत धुराची एक रेघ आली नाही.

"किती छान जळतोय," यंगझोम म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग बराच वेळ ती शालीचा पदर तोंडात कोंबून रडत होती आणि अंगदुईला तिला हाकसुद्धा मारता येईना. लग्नानंतर वर्षभरात मुलगी झाली, तेव्हापासून तो बायकोला 'नोर्झिनच्या आमा' म्हणत आला होता. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्याचा पाय मागे अडखळतो, असा त्यांच्याकडचा नेम. त्यामुळे आता बायकोलाही नाव उरलं नव्हतं.

वरच्या आळीतले म्हातारे लामा, मेमे तोबदन, एक दिवसाआड येऊन पोथी वाचत. मेलेल्याला तोंड नसतं, त्याला नुसता वास पोचतो. म्हणून एकोणपन्नास दिवस, सकाळ-संध्याकाळ, सातूचं पीठ लोण्यात कालवून निखाऱ्यावर जाळायचं. तो वास खाऊन तो पुढची वाट चालतो. इतर घरी खापरात निखारे घेऊन हे उंबऱ्याबाहेर करत. यंगझोम म्हणाली, "माझी पोर बाहेर बर्फात बसून जेवणार नाही." तिने पीठ तंदुरातच जाळलं, आणि मेमेंनीही तिला अडवलं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी मेमेंनी तिचं नाव लिहिलेला कागद ज्योतीवर धरला. कागद जळाला, राख नदीत सोडली.

"आजपासून पीठ बंद," ते म्हणाले. "ती सुटली. पण पोर जिवाला चटका लावून गेलीय, चुकून माघारी आली तर बोलू नका. बघू नका. हाक मारली तरी ओ देऊ नका. तुम्ही बोललात की ती इथंच अडकली."

दोघांनी माना डोलावल्या. दुसरं काही हातात नव्हतंच. तिला पुढची वाट नीट लागावी, एवढी एकच गोष्ट आता त्यांना करता येण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंगदुईला जाग आली ती वासाने. जळक्या सातूचा, लोण्याचा वास. शेजारी यंगझोम पांघरूण डोक्यावरून घेऊन पडली होती. आत्ताच उठून, पीठ टाकून, चोरासारखी परत येऊन झोपली असणार, असं त्याला वाटलं. रागवावं का? पण आईला काय म्हणायचं? तो डोळे मिटून पडून राहिला.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं, चौथ्या दिवशीही. पिठाचा डबा रोज मूठभर उतरत होता.

मग एकदा दिवेलागणीला दोघं तंदुराशी बसली होती. यंगझोम लोकर कातत होती, बाहेर भुरभुर बर्फ होता. दार वाजलं नाही. पण खोलीत एकदम ओल्या लोकरीचा वास आला, आणि तापलेल्या पट्टीवर बर्फ पडावा तसा आवाज झाला. चर्र... चर्र... एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अंगदुईने खाली पाहिलं. काळ्या लोखंडावर दोन ओले ठसे होते, टाचा दाराकडे आणि बोटं जाळाकडे. त्यांच्यातून वाफ निघत होती.

यंगझोमची चाती थांबली. अंगदुईने तिचा हात घट्ट धरला. दोघांनी नजर जाळावरून हलवली नाही. लोखंड मधूनमधून कुरकुरत होतं, कुणीतरी पाय बदलावेत तसं. कितीतरी वेळाने वास विरला.

"पाय गार पडले असतील हो तिचे..." यंगझोम पुटपुटली.

"चूप. बोलायचं नाही सांगितलंय."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. दिवेलागणीला पट्टी चरचरायची आणि दोघं दगडासारखी बसायची. कधी यंगझोमच्या खांद्यावरची शाल आपोआप सारखी व्हायची. एकदा अंगदुईच्या पुढ्यातला गार झालेला चहाचा वाडगा उचलला जाऊन तंदुरावर ठेवला गेला आणि तापल्यावर परत त्याच्यासमोर आला. त्याने तो प्यायला नाही. ओठ त्याने उघडले नाहीत. आपण दगड झालो तरच पोर सुटेल, असं तो स्वतःला बजावत राहिला. बापाने चार वर्षं केलं नाही ते आता तरी करावं.

आणि रोज पहाटे पिठाचा वास. जानेवारी गेला, फेब्रुवारी लागला. एका सकाळी अंगदुईला राहवलं नाही.

"अगं, पुरे कर आता. तूच तिला अडकवून ठेवतेयस."

"मी?" यंगझोम उठून बसली. "मी काय केलं?"

"पहाटे पीठ कोण जाळतं?"

"मला वाटलं तुम्ही... मी म्हटलं, बाप आहे, जीव तुटतोय, जाळू दे. म्हणून मी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहायची."

तंदुराच्या खणात अजून धग होती आणि वास ताजा होता.

अंगदुई गुडघाभर बर्फ तुडवत मेमे तोबदनांकडे गेला. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. हातातली माळ चालू होती.

"कधीपासून?"

"तिचे एकोणपन्नास झाले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तुम्ही तिच्याशी कधी बोललात?"

"एक शब्द नाही, मेमे. तुम्ही सांगितलं तसंच केलं. ती शाल सारखी करायची, चहा पुढं करायची... आम्ही बघितलंसुद्धा नाही."

माळ थांबली. म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं.

"माझंच चुकलं रे. पोरीला कळलंच नाही कोण गेलं ते. ती घरी येते, आई-बाप समोर बसलेले. हाक मारली तर बोलत नाहीत. चहा दिला तर पीत नाहीत. तिला काय वाटेल? आपले आई-बाप गेले, असंच वाटेल. मग शहाण्या पोरीनं जे करायचं तेच ती करतेय. तुमच्या नावानं पीठ जाळतेय."

अंगदुई जायला उठला.

"आज कितवा दिवस?" मेमेंनी विचारलं आणि स्वतःच मणी मोजले. "अठ्ठेचाळीस. जा, आज आली की बोल तिच्याशी. नाव घेऊन बोल. जे व्हायचं असेल ते होऊ दे."

त्या संध्याकाळी दोघं पट्टीसमोर बसली. अंगदुईने नवं लाकूड घातलं. यंगझोमने वाडग्यात चहा ओतून ठेवला, पट्टी पुसली, पुन्हा पुसली. दिवेलागण झाली, दिवेलागण टळली. पट्टी कोरडीच राहिली. एकोणपन्नासाव्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्यांनी मठात दिवे लावून बसायचं असतं. ती आज तिथं बसली असणार, हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं तेव्हा बाहेर रात्र आणि गुडघाभर बर्फ होता.

बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. उजाडताना अंगदुई दचकून जागा झाला. आज पिठाचा वास नव्हता. धुपीचा होता, आणि कागद जळाल्याचा.

"नोर्झिन!" यंगझोम ओरडली. एवढ्या दिवसांत त्या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. "नोर्झिन, अगं आम्ही आहोत! आम्ही कुठं गेलो नाही गं... तू... तू गेलीयस, बाळ. आम्ही इथंच आहोत!"

नळा एकदा घुमला आणि शांत झाला. पट्टीवर दोन ओले ठसे होते, पण आता टाचा जाळाकडे होत्या आणि बोटं दाराकडे. दोघांच्या डोळ्यांदेखत ते सुकत गेले.

अंगदुईने तंदुराचं दार उघडलं. निखाऱ्यांच्या कडेला वहीचा एक अर्धा कागद उरला होता. त्याने तो नुसत्या बोटांनी उचलला. नोर्झिनचं अक्षर, प्रत्येक ओळीखाली रेघ ओढायची तिची सवय. पहिल्या ओळीत 'आमा यंगझोम' होतं. दुसरी ओळ जळाली होती, 'आबा' एवढंच वाचता येत होतं.

"रडत गेली असेल हो," यंगझोम म्हणाली. "आपल्याला नीट पोचवलं असं समजून गेली असेल. एवढीशी पोर, एकटीनं सगळं केलं..."

ती नळ्याला कपाळ टेकून रडत राहिली. अंगदुई तिला धरून बसला. पोर सुटली, तिला तिची वाट मिळाली, हेच तर हवं होतं, असं तो म्हणत होता. आणि म्हणता म्हणता त्याचंच तोंड वाकडं होत होतं. एक शब्द, एकच शब्द वेळेवर बोललो असतो, असं त्याच्या मनात आलं, आणि या खेपेला ते वाक्य त्याने पुरं केलं.

दिवसभर कुणी स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी यंगझोमनेच डोळे पुसून मुळा आणि सुकं मटण घालून थुक्पा केला. तंदूर लाल झाला होता.

"धग लागत नाही हो अंगाला," ती वाडगे भरताना म्हणाली. "तुम्हाला लागतेय?"

तेव्हा अंगदुईच्या ध्यानात आलं, की सकाळी निखाऱ्यात हात घातला तेव्हा त्याची बोटं पोळली नव्हती.

त्याने घोट घेतला. चव लागली नाही. मीठ विसरलीस का, असं विचारायला त्याने वर पाहिलं. यंगझोम वाडग्यावर वाकून, डोळे मिटून, वाफ आत ओढत होती. हळूहळू, खूप दिवसांच्या उपाशी माणसासारखी. मग तिने वाडगा खाली ठेवला.

"पोट भरलं माझं, नोर्झिनचे आबा," ती म्हणाली.

तिच्या वाडग्यातला घोटभरही थुक्पा कमी झाला नव्हता. अंगदुईने आपल्या वाडग्यातून वर येणारी वाफ पाहिली. त्याचंही पोट भरलं होतं.