नळाच्या वेळेचा उजेड

सकाळचा उजेड कोणाची विशेष दखल घेत नाही. तो आधी गच्चीवरच्या टाक्यांच्या कडांवर येतो, मग दोरीवर विसरलेल्या चिमट्यांवर, आणि मग भिंतीवरून इतक्या सावकाश खाली उतरतो की वाटावे, अंधारात जिन्याची एकेक पायरी पायाने चाचपतो आहे. त्या गल्लीत तो सर्वांत शेवटी पोचे तो वळणावरच्या रोहित्रापाशी. विजेचा दाब उतरवणाऱ्या त्या ट्रान्सफॉर्मरला लोक डीपी म्हणत. दोन खांबांच्या मधोमध बसवलेली ती करडी पेटी, अंगावरच्या पत्र्यांत धूळ आणि पाखरांच्या काड्या साठवून, स्वतःशीच गुणगुणत असे. उजेड तिच्यापर्यंत आला की खिडक्यांतले दिवे एकेक करून मालवले जात. त्या सकाळी मात्र ते मालवण्याआधीच एकदम पिवळे पडले, जणू साऱ्या गल्लीला एकाच वेळी थकवा आला.

आणि त्या पेटीखाली एक तरुणी उभी होती. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी विचारले.

"श्श… ऐका."

मी ऐकले. गुणगुण जाड झाली होती. तिच्यात एक ओझे शिरले होते.

"नळाला पाणी आलं," ती डोळे उघडत म्हणाली. "आता घराघरांत पंप चालू झाले. मागोमाग गीझर. तुम्ही कोण?"

"मी… वीज मंडळाच्या आरेखन विभागातला. इथल्या नव्या रोहित्राचा आकार, म्हणजे किती केव्हीए भार पेलायचा, ते मी ठरवतो."

"म्हणजे शंभर केव्हीए लिहून पाठवणारे ते तुम्हीच!" तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "मला वाटलं होतं, कोणीतरी टक्कल पडलेलं असेल."

ती मोजणी पथकातली अभियंता होती. मी केवळ कागदावरचा माणूस. आमच्या कामात घराघरांतल्या उपकरणांची बेरीज करून थांबत नाहीत. त्या बेरजेचा जेमतेम निम्मा भाग धरतात. कारण एक घर इस्त्री करते तेव्हा दुसरे झोपलेले असते, तिसरे बाहेर गेलेले असते. माणसे एकसारखी वागत नाहीत, या विश्वासावर उभा असलेला तो नियम मला नेहमीच सुंदर वाटत आला होता. त्यावर मी वाढीव पंचवीस टक्के राखून ठेवी.

"नियम छानच आहे हो," ती म्हणाली, "पण या गल्लीत नळ एकदाच येतो. तेव्हा सगळे एकसारखेच वागतात. उद्या या, दाखवते."

मी गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलो. मग तो परिपाठच झाला.

तिच्याजवळ तारेला अलगद कवेत घेणारा एक मीटर होता. तार तोडायची नाही, सोलायची नाही; नुसता वेढा घालायचा, की आत किती वाहते आहे ते कळे. रबरी हातमोजे चढवून ती तो इतक्या हळुवारपणे लावी, की तारेची झोपमोड होऊ नये एवढीच काळजी तिला असावी. माणसांशीही ती तशीच वागे. एका दारात एक काका ठामपणे म्हणाले, "आमच्याकडे गीझर नाही."

"मग आंघोळीचं पाणी कोण तापवतं, काका?"

"आमची ही तापते, तेवढं पुरतं."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, गीझर बंद करा आधी, मग गप्पा मारा!"

काकांसकट सगळे हसलो. ती हसताना हाताने तोंड झाकीत नसे. मी मात्र हसूसुद्धा राखून ठेवणारा.

"तुम्ही निरभ्र आभाळातही छत्री आणता," परतताना ती म्हणाली. "डबा दोघांचा आणता, आणि म्हणता जास्तीचा झाला. तुमचं नाव मी पंचवीस टक्के ठेवलंय."

"जास्तीचा… खरंच होतो."

"हो का? आणि रोज भाजी माझ्या आवडीचीच जास्तीची होते?"

मी डबा पिशवीत टाकला. उत्तरे मला घरी पोचल्यावर सुचतात.

मला एवढेच ठाऊक होते की आकार ठरला, कागदावर सही झाली, की इथली मोजणी संपणार आणि तिचे पथक दूरच्या उपकेंद्राकडे जाणार. म्हणून मोठ्या साहेबांनी विचारले की मी म्हणे, "अजून काही सकाळी पाहायला हव्यात, सर. भार स्थिरावलेला नाही." साहेब चष्म्यावरून पाहत. "कमाल आहे. ती मोजणीवालीही हेच म्हणते." तिच्या कर्तव्यनिष्ठेबद्दलचा माझा आदर तेव्हा आणखी वाढला.

वळणावरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहत. विजेवरचे त्यांचे यंत्र नळाच्या वेळेला रेंगाळे आणि दिवा मिणमिणे. एका सकाळी आम्ही मीटर लावत असताना त्या बोटाला चिंधी गुंडाळून दारात आल्या. चिंधीवर लाल डाग होता.

"अंधुक उजेडात सुई बोटात गेली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तो जास्त लागला. "अहो साहेब, तुमचं दोघांचं मोजून व्हायचंय किती अजून? नाही, तुम्ही येता ते बरं वाटतं हो. जोडी छान दिसते. पण आमच्या डीपीचं बघा की काहीतरी."

ती लाजली नाही. पण मीटर तारेवरून काढायला विसरली. मी तर खांबावरची धोक्याची पाटी नव्याने वाचू लागलो.

त्याच दिवशी मी आकडा लिहिला — एकशे साठ केव्हीए — आणि सही केली. पेनाचे टोपण लावताना वाटले, मी माझ्याच सकाळींचा वीजपुरवठा तोडतो आहे.

तिचे पथक गेले. मी निरोपाला गेलो आणि प्रवासात काळजी घ्या, एवढेच म्हणालो. ती मीटरची पिशवी उचलून गाडीत बसली.

नवे रोहित्र यथावकाश आले. ते चालू केल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी गल्लीत गेलो. माझे तिथे काहीच काम नव्हते. उजेड टाक्यांवरून उतरत होता. पेटीखाली कोणीतरी मान तिरकी करून, डोळे मिटून उभे होते.

"तुम्ही… इथे कशा?"

"श्श. ऐक."

तो एकेरी शब्द माझ्या छातीत कितीतरी वेळ गुणगुणत राहिला. नळाला पाणी आले. गल्लीभर पंप सुरू झाले. पेटीचा सूर किंचित भरला आणि तसाच राहिला, सहज. मावशींची खिडकी पिवळी पडली नाही; आत यंत्र भरधाव चालले होते.

"छान मापाचं निवडलंस," ती म्हणाली. "पहाटेची गाडी पकडून आले हे ऐकायला. पण एक विचारू? खरं सांगायचं. राखून ठेवायचं नाही."

"विचार."

"मी साहेबांना सांगत राहिले की मोजणी अपुरी आहे. का सांगत राहिले, ते मला माहीत होतं. तू का सांगत होतास?"

उजेड आता तिच्या खांद्यावर आला होता. घरी पोचेपर्यंत थांबायची सवय मी प्रथमच मोडली.

"आकडा मला पहिल्याच सकाळी कळला होता."