पुसायची राहिलेली ओळ

खडूचं टोक डाव्या बाजूने झिजलं होतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा खडू असा झिजत नाही. कीवमधल्या आमच्या गणित विभागात डावखुरे एकटे माझे गुरू, ओस्ताप झेनोवियोविच. आणि ते वसंतातच गेले होते.

आमच्या गुरुवारच्या सेमिनारची एक रीत आहे. बोलणाऱ्याने फळा पुसायचा नाही. पुसतो तो सेमिनार चालवणारा, तोही ओळन् ओळ वाचून झाल्यावर. सर गेल्यापासून चालवणारं कुणी नव्हतं. तरी दर गुरुवारी दार उघडावं तर फळा स्वच्छ, ओलसर.

"तूच पुसतेस," तामिला याकिमिव्ना म्हणायच्या. त्या सरांच्या जुन्या सहकारी.

"किल्ली तुमच्याकडे असते."

"मग मांजर पुसत असेल. उल्याना, चालवणारं कुणी नाही म्हणून विभाग या महिन्यानंतर सेमिनार बंद करतोय. बस की ओस्तापच्या खुर्चीत. चावत नाही ती."

मी चहा ढवळत राहायची. माझी सिद्धता टिकल्याशिवाय त्या खुर्चीवर माझा हक्क नव्हता.

प्रश्न सरांचाच. एक अनंत झाड. प्रत्येक फांदीला दोन फांद्या, आणि कुठलीही फांदी वेगळी काढली तरी ती अख्खं तेच झाड. फांद्यांची अदलाबदल करणारं एक छोटं यंत्र. त्याची एक ठरावीक चाल पुन्हा पुन्हा केली, तर झाड कधी मूळ स्थितीत येतं का? कधीच नाही, असं मी मागच्या गुरुवारी फळाभर मांडलं. कुणाला खोट दिसली नाही.

आज किल्ली मागून घेऊन मी आधी आले. फळा पुसलेला होता. मधली एक ओळ सोडून.

अक्षर माझंच. बाहेर चेस्टनटची फळं टपटपत होती. मी ओळ पुन्हा वाचली.

मग दिसलं. आम्ही चालींचा गुणाकार, म्हणजे एकामागून एक केलेल्या चाली, डावीकडून वाचतो. ही ओळ मी ज्या फ्रेंच लेखातून घेतली, त्यात उजवीकडून वाचतात. क्रम उलटा पडला होता.

मी तो डावीकडे झिजलेला खडू उचलून क्रम फिरवला आणि पुढच्या ओळी नव्याने मांडल्या. सिद्धता मोडली नाही. उलट निम्मी झाली आणि भक्कम उभी राहिली.

"उपकार झाले, सर," मी रिकाम्या खुर्चीला म्हटलं.

खुर्चीच्या पाठीवर ओला फडका होता. हात लावला. कोमट.

"उल्याना." तामिला याकिमिव्ना दारात उभ्या होत्या. आवाज बारीक. "तुझा हात बघ."

खडू माझ्या डाव्या हातात होता.

मी आत्ता लिहिलेल्या ओळींचं अक्षर सरांचं.

मी ओळन् ओळ वाचली. फडका घेतला. फळा पुसला.

"गुरुवारचा सेमिनार मी चालवीन," मी म्हणाले.