पाचव्या नटाची चावी

दक्षिण आफ्रिकेतल्या म्सिंगाहून निघाले तेव्हा सगळं साधंच होतं. झाखेले गाडी चालवत होता. मागच्या सीटवर झेब्लोन काका ब्लँकेट पांघरून बसले होते, मांडीवर काटेरी बोरीची फांदी, शेजारी काठी. पुढची डावी सीट मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती मुझीची.

मुझी म्हणजे झाखेलेचा धाकटा भाऊ. व्हान रीनेनच्या घाटात पंक्चर झालेलं चाक बदलून उठला आणि ट्रकनं त्याला उडवलं. गाडीला ओरखडाही आला नाही. देह घरी आणून पुरला, पण त्या धांदलीत त्याचा आत्मा बोरीच्या फांदीवर बसवून आणायला घाटात कुणी गेलंच नाही. तेव्हापासून तो आईच्या स्वप्नात यायचा, रस्त्याच्या कडेला कुडकुडत उभा. आईची झोप उडाली, अन्न तुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या. "त्याला आणा, नाहीतर मला तिकडे नेऊन सोडा," एवढंच तिचं चालायचं. झाखेलेला कळून चुकलं होतं, आता उशीर केला तर घरातून दुसरं माणूस जाणार.

निघताना काकांनी बजावलं होतं, "फांदी हातात घेतली की मी तुझ्याशी बोलणार नाही. जिवंत माणसाशी बोललो तर फांदी रिकामी होते. घरी पोचेपर्यंत मी फक्त मुझीशी बोलणार. आणि हे बघ, घाटात हाक मारायची वेळ आलीच तर नाव घेऊन मार. तिथे बरेच जण उभे असतात."

"मी कशाला हाक मारतोय? मी आपला ड्रायव्हर," झाखेले म्हणाला होता.

घाटात काकांनी ती जागा शोधली, फांदी गवतावरून ओढली आणि कुळाचं नाव लावून हाक मारली. "मुझी, म्वेलासे, चल बाबा. आई वाट बघतेय. ही तुझीच गाडी, ही तुझी सीट."

दार लावलं आणि गाडी सुरू झाली तशी घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. शेजारी माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की ही गाडी अशी कटकट करायची. सीटवर तर काहीच नव्हतं.  झाखेलेनं हात लांब करून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला. घंटी थांबली.

"जिवंतपणी तरी कधी लावलास का रे पट्टा?" तो पुटपुटला. डोळे भरून आले होते आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

घाट उतरता उतरता धुकं आलं. दुपारच सरत होती, पण समोरचा रस्ता दिसेना. आणि मग डाव्या अंगाचं मागचं चाक फडफडायला लागलं.

झाखेलेनं गाडी कडेला घेतली, काकांच्या डोक्यावरचा आतला दिवा लावला, डिकीतून स्टेपनी काढली. चार नट सैल झाले. पाचवा मात्र निराळाच. जोहान्सबर्गमध्ये एकदा गाडी विटांवर ठेवून चोरांनी चारही चाकं नेली होती, तेव्हा मुझीनं प्रत्येक चाकाला एक लॉक नट बसवला होता. तो उघडायला वेगळी चावी लागते, पान्याच्या तोंडात बसणारी, अंगठ्याएवढी. ती झाखेलेनं पुढच्या कप्प्यात शोधली, पायपुसण्यांखाली, डिकीच्या कोपऱ्यात. कुठेच नाही. मग एकदम लक्षात आलं. मुझी गेला तेव्हा ती त्याच्या हातातच असणार. म्हणजे वर घाटात, गवतात कुठेतरी.

लेडीस्मिथच्या गॅरेजला फोन लावला. तिकडचा माणूस कंटाळलेला होता. "त्या नटावर दुसरा नट वेल्डिंग करून काढावा लागतो, दादा. धुक्यात माणूस पाठवत नाही मी. सकाळी बघू."

सकाळ! फांदीला रात्र बाहेर काढावी लागली तर सगळं फुकट, आणि आई फाटकात उभी असेल.

"काका, विचारा ना त्याला, चावी कुठे टाकलीस म्हणून," झाखेले वैतागून म्हणाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. काच वर होती, ओठ हलत होते. "मुझी... मुझी..." एवढंच ऐकू आलं.

तो पुन्हा चाकाशी बसला, पाना लावून जोर केला, नट जागचा हलेना. पाना निसटून मागे पडला. वळून न बघताच त्यानं तो चाचपायला हात मागे केला... आणि तळहातावर कुणीतरी काहीतरी ठेवलं. थंड, ओलं, गवताची काडी चिकटलेलं.

चावी.

"कुठे सापडली, काका?"

उत्तर नाही. काका बोलणार नाहीतच, म्हणून त्याला काही वाटलं नाही. चावी बसली, नट सुटला, चाक बदललं, गाडी जॅकवरून उतरवली. उठून हात पुसताना त्याला काका दिसले. गाडीत. ब्लँकेटात. दार आतून बंद.

मग झाखेलेनं जे केलं ते कुणीही केलं असतं. जॅक तिथेच टाकून डाव्याच दारानं आत घुसला, ड्रायव्हरच्या सीटवर सरकला आणि गाडी पळवली. काका मागून काठीनं सीटवर ठोकत होते, तो थांबला नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, शेजारच्या सीटचा पट्टा लोंबतोय. हिसक्यात त्याच्याच हातून सुटला असेल. आणि घंटी वाजत नाहीये.

सीट रिकामी होती. मुझी चावी द्यायला उतरला, आणि आपण त्याला टाकून पळालो. झाखेलेला हुंदका आवरेना. काका अजून ठोकतच होते; आता तर खांदाच धरून हलवत होते. "हो काका, जातो परत, जातो," म्हणत त्यानं गाडी फिरवली.

धुक्यात जॅक दिसला तिथे थांबून त्यानं डावं दार उघडलं.

"चल रे. बस. चुकलं माझं... चल घरी."

गाडी जराशी खाली दबली. टिंग, टिंग, टिंग. त्यानं पट्टा अडकवला आणि लहान मुलासारखा रडत गाडी चालवली. तुगेलाचा पूल गेला, पोमरॉय गेलं. 

दिवेलागणीला घर आलं. काका फांदी घेऊन उतरले. "मुझी, म्वेलासे, हे आपलं अंगण. उतर." गोल घरात, मागच्या भिंतीशी पूर्वजांच्या जागी फांदी ठेवली. आई तिच्याशी बोलू लागली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून जेवायला मागितलं. झाखेलेला वाटलं, जिंकलो.

काका त्याला बाजूला घेऊन गेले. अखेर ते त्याच्याशी बोलले.

"परत का फिरलास? मी एवढा ठोकत होतो, थांबू नकोस, पुढे चल म्हणून."

"मुझी राहिला होता ना तिथे."

"मुझी कुठे राहिला? चाक पंक्चर झालं तेव्हाच त्याला मी मागे घेतलं, माझ्याजवळ. तो माझ्या मांडीवर होता. मी त्याला सांगत होतो, मुझी, बाहेर बघू नकोस." काकांनी त्याचा दंड धरला. "तू दार उघडलंस तेव्हा नाव घेतलंस का?"

झाखेलेनं मान हलवली. नाही.

 मुझीला उतर म्हणून सांगितलं होतं. दार उघडल्यावर जो कुणी आत बसला, त्याला कुणी उतर म्हटलं नव्हतं. गाडी बंद होती, तिची किल्ली झाखेलेच्या खिशात होती, आणि अंगणातून टिंग, टिंग ऐकू येऊ लागलं.

"झाखेले," आतून आईनं हाक मारली. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा लागला होता. "गाडीत कोण राहिलंय रे? बाहेर गारठलं असेल ते. आत बोलव की त्याला."