तीन नंबरची राखण

“सूनबाईसमोर तीन नंबरचं नाव काढू नका, नवी आहे अजून,” सासूबाई स्वयंपाकघरात सासऱ्यांना दबक्या आवाजात सांगत होत्या. मी ताटं घेऊन दाराआडच उभी होते.

जेवणं झाली आणि वीज गेली. उभ्या विमानांना वीज पुरवणाऱ्यांचं हे घर. सासरे विमानतळावर सुपरवायझर, नवरा तिथेच ऑपरेटर. पण घरात धड मेणबत्ती सापडेना. मग गॅलरीत बैठक बसली आणि सासऱ्यांनी नेमकं तेच काढलं. नवऱ्याला उद्यापासून तीन नंबरवरच जायचं होतं.

तीन नंबर म्हणजे चाकांवरचा जनरेटर. इंजिनं बंद केलेल्या विमानाच्या पोटात त्याची मनगटाएवढी केबल खोचली की आत दिवे लागतात. काढताना आधी बटण बंद करायचं, जनरेटरवरचा लाल दिवा विझू द्यायचा, मगच प्लग ओढायचा.

“आमच्यात एक ढोल्या होता,” सासरे म्हणाले. “खोटं बोलत नसे. तेवढी अक्कलच नव्हती.”

धाकटा दीर फिसकन हसला.

“हसू नकोस. डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे दोन वाजून गेलेले. विमान रिकामं, दारं बंद. ढोल्याला घरी जायची घाई. बटण दाबलं. लाल दिवा विझला. प्लगला हात घातला... आणि मागून कुणीतरी मनगट धरलं.”

“कुणी?”

“वळून पाहिलं. कुणी नाही. पुन्हा हात पुढे केला. पुन्हा धरलं. गार... घट्ट. वर पाहतो तर... विमानाच्या खिडक्या उजळलेल्या. सगळ्या. लाल दिवा विझलेला, पण वीज चालूच!”

सासूबाई पदर सावरून जवळ सरकल्या.

“ढोल्या पळाला. आम्हाला घेऊन आला, तर केबल निघालेली. हुकाला टांगलेली. वेटोळी उलटी... तशी एकच जण घालायचा. डावखुरा होता. बटण अडकतं, बटण अडकतं म्हणून सगळ्यांचं डोकं खायचा. त्याच वर्षी, आधीच्या पावसाळ्यात, शॉक लागून त्याच प्लगला चिकटून गेला.”

दिराने पाय वर घेतले.

“तेव्हापासून ते बटण कुणी दुरुस्त केलं नाही,” सासरे नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “गरजच काय? तीन नंबरला राखण आहे. तू बिनघोर जा.”

नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंनी अंधाराला हात जोडले. आता तरी कुणी बटणाचं विचारेल म्हणून मी वाट पाहिली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीही नाही! लग्न झाल्यापासून ‘हो’ आणि ‘वाढू का?’ यापलीकडे मी त्या घरात तोंड उघडलं नव्हतं.

“बाबा,” मी म्हणाले, “जिवंत होता तेव्हा त्याचं ऐकलं नाहीत, आणि मेल्यावर त्यालाच ड्यूटीला लावलंत. आधी बटण बदला. तोवर हे त्या प्लगला हात लावणार नाहीत.”