समासातले प्रश्न

'इगतपुरीला त्या दिवशी पाऊस नव्हता.'

हे वाक्य माझं नाही. माझ्या पत्राच्या प्रूफवर, समासात, लाल पेनाने कुणीतरी ते लिहिलं होतं. आणि खाली आणखी एक ओळ... 'मी तिथेच होतो. चांगलं ऊन होतं. तुम्ही भिजलात कशा?'

मी कादंबऱ्या लिहिते. शिवाय दर ऋतूला माझ्या सहाशे वाचकांना चार पानांचं छापील पत्र टपालाने पाठवते. या मोसमात आमचं घर कुठे फिरून आलं आणि माझं कुठलं पुस्तक आता येणार आहे, एवढाच त्यातला मजकूर. वाचकांना पुस्तकांपेक्षा आमच्या सहली जास्त आवडतात. याचं मला थोडं वाईट वाटतं, पण ते असो. तर त्या श्रावणात नेहमीच्या प्रेसचं मशीन बिघडलं आणि पत्र सातपूरच्या एका छोट्या प्रेसमध्ये गेलं. तिथे द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं छापतात. प्रूफात चुका शोधायच्या असतात, लेखिकेला खोटं पाडायचं नसतं, हे त्यांना समजावून सांगायला मी स्कूटर काढून स्वतःच गेले.

आत शाईचा आणि रॉकेलचा वास होता. एक माणूस कागदाच्या गठ्ठ्यावर बसून चहा पीत होता. वय असेल पस्तिशीच्या आतबाहेर, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानावर लाल पेन अडकवलेलं.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी प्रूफ पुढे केलं.

"हो." तो उठून उभा राहिला. "मी नवनाथ. प्रेस माझीच आहे. काय आहे मॅडम, माझी मावशी इगतपुरीला असते. त्या रविवारी तिने घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मीच उचलून दिल्या."

"इगतपुरी म्हटलं की वाचकांना पाऊस लागतो हो."

"पण हे घरचं पत्र आहे ना? कादंबरी नाही."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही. मला आपलं वाटलं... भिजला नाहीत, तर मग त्या दिवशी खरं काय झालं?"

त्याने हे भांडायला विचारलं नव्हतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. असा प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता, त्यामुळे माझ्या तोंडून खरं उत्तर निघून गेलं. खरं हे होतं की आमच्या घरच्या सहली या सहली नसतातच. पोह्यांची बशी घेऊन मुलीला समोर बसवणं आता जुनं झालं, असं माझ्या आईचं मत आहे. म्हणून आमच्याकडे दोन कुटुंबं कुठल्या तरी धरणाकाठी 'अगदी सहज' भेटतात. चार वर्षांत आम्ही अकरा ठिकाणी असे सहज भेटलो होतो.

"मुलगा कसा होता?" नवनाथने विचारलं.

"माझी पुस्तकं किती पानांची असतात, ते त्याने विचारलं."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि मी पाऊस खोडून तिथे गाद्या लिहिल्या. त्या पत्राला कधी नव्हे इतकी उत्तरं आली.

जुन्या प्रेसचं मशीन पुढच्याच आठवड्यात सुरू झालं. मी मात्र तिकडे फिरकले नाही.

दिवाळीच्या पत्राला समासात चौदा प्रश्न होते. 'आई खरंच असं म्हणाल्या?' 'भाताच्या शेतात वास कसला होता?' 'बाबा गाडीत झोपले, की झोपेचं सोंग?' मी निळ्या पेनाने उत्तरं लिहायची, मग दुसरं प्रूफ निघायचं, त्यावर नवे प्रश्न, मग तिसरं. चहाचा कप माझ्या हातात देण्याआधी तो बोटं फडक्याला नीट पुसून घ्यायचा. तरी कपाला शाईचा ठसा लागायचाच. मला तो आवडायला लागला होता. ठसा म्हणतेय मी.

"नवी प्रेमकथा चैत्रात येणार, असं तुम्ही दुसऱ्यांदा लिहिलंय," तो एकदा म्हणाला. "नक्की अडलंय कुठे?"

"शेवटून तिसऱ्या प्रकरणात. नायिकेला तो आवडतो, पण आवडतो हे तिला कळतं कसं, ते मला लिहिता येत नाहीये."

"तुम्हाला माहीत नाही?"

"...नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं, आणि निळी शाई संपत आलीय, असं काहीतरी पुटपुटला.

मग जानेवारीत आम्ही सुरगाण्याला स्ट्रॉबेरी खायला गेलो. तेरावी सहल. तिथे अश्विन आणि त्याचे आईवडील अगदी सहज भेटले. अश्विन पुण्यात नोकरीला आहे, शांत आहे, समोरच्याचं ऐकून घेतो. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. मी गप्प राहिले, आणि आमच्याकडे मुलगी गप्प राहिली की तो होकार धरतात. गेल्या वर्षी बाबांचं बायपास झालं तेव्हापासून आईला घाई झालीय. तिची घाई मला कळते, म्हणून तर बोलता आलं नाही.

घरी येताच आईने मजकूर सांगितला. "लिही पत्रात. सुरगाण्याच्या सहलीत आम्हाला जावई मिळाला. चैत्रात हर्षालीचं लग्न. एकदा छापून गेलं की तू मागे फिरणार नाहीस."

मी सात ओळी लिहिल्या आणि सातपूरला पाठवल्या. का पाठवल्या? समासात तो काय लिहितो, ते मला बघायचं होतं. हे शहाणपणाचं नव्हतं, पण खरं हेच आहे.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं. पहिल्या पानावर तीन प्रश्न. दुसऱ्यावर दोन, त्यातला एक 'स्ट्रॉबेरी धुऊन खाल्ली की तशीच?' आणि लग्नाच्या ओळींशेजारी काहीच नाही. साधी रेघसुद्धा नाही. मी पान उलटून मागची बाजूही पाहिली. मग मला असा राग आला की स्वेटरची बटणं उलटसुलट लावून मी निघाले. शेतातल्या वासाचीसुद्धा चौकशी करणाऱ्या माणसाला माझ्या लग्नाबद्दल काहीच विचारायचं नाही?

सातपूरला कारखान्यांची पहिली पाळी सुटली होती. मोटारसायकलींच्या गर्दीतून प्रेसपर्यंत पोहोचेतो थंडीने माझी बोटं आखडली होती.

"या वेळी हेच शेवटचं प्रूफ आहे, मॅडम," नवनाथ वर न बघता म्हणाला. "सही करा, म्हणजे प्लेट चढवतो. चार वाजता मशीन तुमच्यासाठी ठेवलंय. एकदा छपाई सुरू झाली की मग काही बदलता येणार नाही."

"इथे तुम्ही काही विचारलं नाहीत."

"त्यात काय विचारायचं? अभिनंदन."

"स्ट्रॉबेरी धुतली का, ते विचारलंत. मुलाचं नावसुद्धा विचारलं नाहीत."

त्याने कानावरचं पेन काढलं, हातात फिरवलं, परत ठेवलं. "ज्याचं उत्तर ऐकायचं नसतं... ते मी विचारत नाही."

मशीन पुसणारे देवरामकाका क्षणभर थांबले, आणि मग आधीपेक्षा जास्त जोरात पुसायला लागले.

"विचारा," मी म्हणाले.

"काय?"

"बाकी सगळीकडे विचारता ते."

त्याने त्या सात ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग त्याने मान वर केली.

"हे खरं आहे का... हर्षाली?"

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "आईने सांगितलं म्हणून लिहिलं. तुम्ही समासात काय लिहिता ते बघायचं होतं, म्हणून छापायला दिलं. आणि तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तेव्हा मला रडू आलं. मला तुम्ही आवडता. हे कसं कळतं, ते आज कोऱ्या समासाकडे बघताना मला कळलं."

 देवरामकाकांचा आता श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"तीन-तीन प्रूफं कशाला काढतो, ते तुम्हीही कधी विचारलं नाहीत," नवनाथ म्हणाला.

"कशाला काढता?"

"चार पानांना एक पुरतं. तुम्ही आणखी दोनदा याल म्हणून..." त्याने टेबलावरचा माझा फोन माझ्याकडे सरकवला. "आधी घरी सांगा. मशीन थांबेल तोवर."

मी आईला फोन लावला.

"आई, त्या सात ओळी काढतेय. मला अश्विनशी लग्न करायचं नाही. त्याला मी स्वतः सांगते, तू फोन करू नकोस."

"मग सुरगाण्यात तोंड का शिवलं होतंस?"

"तिथेच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"कुठे आहेस तू?"

"सातपूरला. प्रेसमध्ये."

 पलीकडून बाबा 'काय म्हणतेय' असं विचारत होते.

"तो प्रश्न विचारणारा?" आई म्हणाली. माझी आई काही भोळी नाही, प्रूफं तीही वाचायची.

"हो."

"सहाशे घरांत जायच्या आधी मला सांगितलंस, एवढं बरं केलंस. पण मी रागावलेय, हर्षू. घरी ये, मग बोलू." तिने फोन ठेवला.

अश्विनला सांगणं जास्त अवघड गेलं. तो 'सांगितलंत ते बरं' म्हणाला. आवाजात दुखावल्याचं कळत होतं आणि ते मला ऐकून घ्यावंच लागलं. मी फोन ठेवला. नवनाथने चहाचा कप माझ्या दोन्ही हातांत धरवला आणि आपले हात लगेच काढून घेतले नाहीत.

"सात ओळींची जागा रिकामी पडतेय," तो हळूच म्हणाला. "अशी कशी छापू? दुसरं काहीतरी लिहून द्या."

मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. लिहिलं की सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आम्ही न धुताच खाल्ली. नवी कादंबरी चैत्रात येणार नाही, पावसाळ्यात येईल. उशीर लेखिकेमुळे झाला, तिला एक साधी गोष्ट फार उशिरा कळली. घरी सध्या तिच्यावर राग आहे, तो जाईपर्यंत पुढची सहल ठरणार नाही. मग थोडं थांबून आणखी एक वाक्य लिहिलं, आणि कागद त्याच्याकडे दिला.

'हे पत्र छापणाऱ्या माणसाचं नाव नवनाथ आहे, आणि ते तुम्हाला सांगताना मला फार आनंद होतोय.'

पेनाचं टोक एकेका ओळीवर टेकवत तो वाचत गेला. शेवटाला आला तसे त्याचे कान लाल झाले. तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा मोजत खाली आला.

"आठ झाल्या," तो म्हणाला. "एक ओळ जास्त होतेय."

"कुठली काढू?"

"काढू नका," नवनाथ म्हणाला. "मी अक्षर बारीक करतो."