वीट कधी सरकेल?

फळीवर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवलाय, त्यावर वीट, विटेला स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग एक यंत्रमानव सावकाश ओढतोय. वीट नेमकी कधी सरकेल? शलाकाला वाटलं, त्यात काय मोठंसं!

सावरखिंडीत तिला दुसरा उद्योगही नव्हता. धक्के सुरू झाले तसं सगळं गाव खालच्या छावणीत गेलं, शाळाही गेली. भूकंप संशोधन केंद्रात उरल्या ती आणि तिची शास्त्रज्ञ आत्या. यंत्रमानवाशी सागरगोटे खेळून ती विटली होती. तो मेला कधी हरतच नसे. तिला तिची मैत्रीण मैना हवी होती.

मैना फोनवर म्हणाली होती, "बाबा म्हणत्यात, भूकंपाची तारीख सांगा. त्यो होऊन गेला की दुसऱ्या दिशी परत येतो."

स्प्रिंग ताणली जाई, वीट हलत नसे, मग एकदम खट्कन पुढे! चार वेळा अगदी सारख्याच ताणावर. मैनाला सांगायला शलाका फोनकडे धावली.

"थांब, अजून बघ," आत्या म्हणाली.

पुढच्या वेळी वीट लवकरच सरकली. त्यानंतर हटूनच बसली.

"घर्षण (घासणाऱ्या पृष्ठभागांचा अडवण्याचा जोर) दर वेळी थोडं बदलतं," आत्याने समजावलं. "जमिनीखालच्या प्रस्तरभंगातही (खडकातली मोठी भेग) तसंच. खडक ताण साठवतात आणि घसरतात, तोच भूकंप. आणि तिथे वीट एकटी नसते."

संगणकाच्या पडद्यावर स्प्रिंगांनी जोडलेल्या हजारो विटा होत्या. एक सरकली की शेजारणीला ढकले. कधी दोघींवरच थांबे, कधी अख्खा पडदा हले. आत्याने एकच वीट केसभर हलवली, तर पुढचं सगळंच बदललं.

"मग हा संगणक काय कामाचा?" शलाका रडवेली झाली.

"ताण कुठे साठलाय ते कळतं. सरकण्याआधी प्रयोगशाळेतली वीट बारीक कुरकुरते. खऱ्या खडकांची कुरकुर ओळखायला आम्ही शिकतोय. पण आज तारीख नाही गं, बाळा."

'आता होणार नाही, या,' एवढं म्हटलं असतं तरी मैना उद्या समोर असती. शलाकाने फोन लावला.

"मैना, तारीख कुणालाच सांगता येत नाही. घर मजबूत केलंत तरच या."

पलीकडून फोन बंद झाला. शलाका हमसून हमसून रडली.

संध्याकाळी मैनाच्या बाबांचा फोन आला. "ताई, भिंतीला त्ये भूकंपाचं पट्टं (घर चहूबाजूंनी बांधून ठेवणारे काँक्रीटचे थर) घालायचं म्हंजी किती दिसांचं काम?"

"महिनाभराचं," आत्या म्हणाली.

मागून मैना ओरडली, "शलाके, ह्याची तारीख घावली गं!"