सात नंबरची बेल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही थाप नाही. बुधवार होता, दुपारचे पावणेतीन. जागा म्हणजे आमचे दाजी काम करतात ते शीतगृह.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. ताईही तिथेच माल तपासायच्या कामावर. शहाणपणाचा मक्ता यांच्याचकडे!

तिथे वीस थंड खोल्या. कुणी आत अडकलं तर दाबायला प्रत्येक खोलीत बेल. बेल दाबली की दाजींच्या पडद्यावर ओळ उमटते. खोल्यांच्या बाकी खबरीही अशाच, ओळीमागून ओळ.

दाजींच्या आधी तिथे एक काका होते. सगळ्या ओळी छापून घ्यायचे, वाचायचे आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने खूण करायचे. त्याच खुर्चीत गेले बिचारे.

"जन्मभर डोळ्यांनी गाळत बसला म्हातारा," दाजी म्हणायचे. "अक्कल कशाशी खातात ते ठाऊक नाही!"

सात नंबरची खोली दोन वर्षं बंद. बेलची वायरही कापलेली. तरी मधूनच ओळ यायची...

"७ : आतून बेल."

"कचरा!" दाजींनी 'ग्रेप' नावाच्या कमांडची चाळणी लावली. ज्या ओळीच्या सुरुवातीच्या आकड्यात ७ असेल, ती दाखवूच नकोस. एका कमांडीत काम फत्ते. पडदा स्वच्छ. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्या बुधवारी मात्र...

"७ : आतून बेल."

दाजींनी कमांड तपासली. चालू होती.

"७ : आतून बेल."

"७ : आतून बेल."

"मेली तरी कटकट संपत नाही या बेलची!" पक्कड उचलून दाजी तरातरा निघाले.

सातच्या दाराला गंजलेलं कुलूप. वायरचं तुटकं टोक लोंबत होतं.

दाराला कान लावला. आत... काहीच आवाज नाही.

मग पाठीमागून...

ठक.

समोरच्या सतरा नंबरच्या दारातून.

दाजींनी पकडीने कडी उचकटली. आत ताई. माल तपासायला गेली होती, दार अडकलं. ओठ निळे पडले होते.

"किती वेळ बेल दाबतेय मी!" एवढंच बोलली आणि कोसळली.

अहो, १७ मध्येही ७ असतोच ना! चाळणीने ताईच्या सगळ्या ओळी गिळल्या होत्या. शेंबड्या पोराला कळेल ते या पंडिताला कळलं नाही.

ताई वाचली. संध्याकाळी दाजींनी त्या दिवसाची न गाळलेली नोंद छापली. सात नंबरची एकही ओळ नव्हती. सतराच्या अकरा होत्या.

कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हाच त्या अकरांपुढे... पेन्सिलीची खूण होती.

दाजी आता एकेक ओळ वाचतात. विचारलं की नाक वर करून म्हणतात, "योगायोग."

"मग फाडा की तो कागद!" मी म्हटलं. दाजींची हात लावायची छाती झाली नाही.

तो कागद ताईच्या कपाटात आहे. काल तिने काढून पाहिला आणि मला फोन केला.

खुणा आता बारा आहेत.

बारावी अगदी खाली आहे... जिथे अजून ओळच नाही.